चेहरा अभिनेत्रीचा, नाव पात्राचे : अमेरिकी दूरचित्रवाणीवरील पात्रांच्या जुन्या बाहुल्या आणि संग्रहाचे निकष

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पारंपरिक लाकडी ठकी ही कोणा एका व्यक्तीची प्रतिमा नसते. तिचे नाक-डोळे रंगविलेले असतात. पण ती अमुक एका स्त्रीसारखी दिसावी, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. खेळणारी मुलगी देईल ते तिचे नाव आणि सांगेल ती तिची गोष्ट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या प्रसाराबरोबर जी बाहुली घडविली गेली, तिचे स्वरूप याहून मुळातच भिन्न आहे. ती दुकानात येते तेव्हाच तिला नाव असते, व्यवसाय असतो आणि ठरलेली गोष्ट असते. त्या नावामागे एक मालिका उभी असते आणि त्या चेहऱ्यामागे एक जिवंत अभिनेत्री.

अशा बाहुल्यांचे आयुष्य मालिकेच्या आयुष्याइतकेच असावे, असा उत्पादकांचा हिशेब होता. प्रत्यक्षात तो चुकला. मालिका संपल्या, काही कंपन्या बुडाल्या. बाहुल्या मात्र संग्राहकांच्या कपाटांत टिकून राहिल्या. आज त्यांचे वर्गीकरण, मूल्यमापन आणि जतन यांचे एक सविस्तर शास्त्र संग्राहकांनी निर्माण केले आहे. प्रस्तुत लेखात या शास्त्राची चिकित्सा करावयाची आहे. संग्रहाच्या प्रचलित निकषांनी या बाहुल्या वाचविल्या, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या कारणासाठी त्या अभ्यासनीय ठरतात, ते कारणच या निकषांनी गौण मानले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

पात्र, व्यक्ती आणि परवाना

नामांकित व्यक्तीच्या प्रतिमेची बाहुली दूरचित्रवाणीच्या आधीही होती. आयडियल कंपनीने १९३४ मध्ये बालअभिनेत्री शर्ली टेंपल हिची बाहुली काढली व ती अमाप खपली. मात्र ही बाहुली चित्रपटाची होती. १९५७ मध्ये याच कंपनीने व्हायनिलची नवी शर्ली बाजारात आणली, तेव्हा मूळ अभिनेत्री प्रौढ झाली होती. पण तिचे बालपणीचे चित्रपट दूरचित्रवाणीवर नव्या पिढीपुढे येऊ लागले होते. चित्रपट पाहण्यासाठी घराबाहेर जावे लागते; दूरचित्रवाणीवरील पात्र दर आठवड्याला ठरल्या वेळी घरात येते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये पडद्यावरील व्यक्ती व प्रेक्षक यांच्यातील या एकतर्फी जवळिकीची मीमांसा केली होती. बाहुली ही त्या जवळिकीची विकत घेता येणारी बाजू होय. जी व्यक्ती घरात येते पण हाताला लागत नाही, ती बाहुलीच्या रूपाने हाताला लागते.

परंतु हाताला लागते ते नेमके कोण? येथे कायदा आणि कल्पना यांचा गुंता सुरू होतो. पात्र हे निर्मात्याच्या मालकीचे असते. नाव आणि चेहरा अभिनेत्रीचा असतो. दोहोंचे परवाने वेगवेगळे विकता येतात. या विभाजनाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९७६ ते १९८१ या काळात एबीसी वाहिनीवर चाललेली ‘चार्लीज एंजल्स’ ही मालिका. १९७७ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने सब्रिना, केली आणि जिल या पात्रांच्या साडेआठ इंची बाहुल्या काढल्या. त्याच सुमारास जिलची भूमिका करणाऱ्या फॅरा फॉसेट आणि केलीची भूमिका करणाऱ्या जॅकलिन स्मिथ यांच्या, त्यांच्याच नावाच्या, सुमारे बारा इंची बाहुल्या मेगो कंपनीने विकावयास आणल्या. फॉसेट एका हंगामानंतर नियमित भूमिकेतून बाहेर पडली व तिच्या जागी शेरिल लॅड आली. तिच्या क्रिस या पात्राची बाहुली हॅस्ब्रोने काढली. स्वतः लॅड आणि सब्रिनाची भूमिका करणारी केट जॅक्सन यांच्या नावाच्या साडेअकरा इंची बाहुल्या १९७८ मध्ये मॅटेलने काढल्या.

चार स्त्रिया, आठ बाहुल्या, तीन कंपन्या असा हा पसारा आहे. एकच चेहरा दोन उंचींत आणि दोन नावांनी विकला गेला. एकीचे कपडे दुसरीच्या अंगाला येत नाहीत. फॉसेटने मालिका सोडली तरी जिल विकता येत होती आणि जिल नाहीशी झाली तरी फॅरा विकता येत होती. अभिनेत्री आणि पात्र यांचे नाते जेथे तुटते ती रेषा समीक्षेला अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. रिचर्ड डायर यांनी ‘स्टार्स’ (१९७९) या ग्रंथात तारकेची प्रतिमा आणि भूमिका यांतील ताणाची जी चर्चा केली आहे, तिचा प्लॅस्टिकमधील पुरावा त्याच दशकात दुकानांत मांडलेला होता. संग्रह मात्र बहुधा कंपनीनिहाय रचला जातो. हॅस्ब्रोचा एक कप्पा, मेगोचा दुसरा, मॅटेलचा तिसरा. परिणामी ज्या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या तरच काही सांगू शकतात, त्याच एकमेकींपासून दूर पडतात.

दुरुस्ती आणि शृंगार

या बाहुल्यांतून त्या काळातील लिंगभावाची मांडणी किती स्पष्ट दिसते, हेही पाहण्याजोगे आहे. मुलगे ‘बाहुली’ खेळणार नाहीत, या समजुतीपोटी हॅस्ब्रोने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ या सैनिकासाठी ‘ॲक्शन फिगर’ ही संज्ञा रूढ केली. केनर कंपनीने १९७५ मध्ये ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या मालिकेतील स्टीव्ह ऑस्टिन आणि १९७६ मध्ये ‘द बायॉनिक वूमन’ मधील जेमी सॉमर्स यांच्या प्रतिकृती काढल्या. मालिकांत दोघांचीही शरीरे अपघातानंतर यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा उभी केलेली आहेत. ऑस्टिनच्या हातावरील रबरी त्वचा वर गुंडाळली की आतील यंत्रभाग दिसतात. त्याच्या डोक्यामागील छिद्रातून पाहिले की त्याच्या यांत्रिक डोळ्यातून पलीकडचे दिसते. जेमीच्याही शरीरात यंत्रे आहेत. पण ऑस्टिनसाठी कंपनीने अग्निबाणाच्या आकाराचे दुरुस्ती-केंद्र काढले, तर जेमीसाठी ‘बायॉनिक ब्यूटी सलून’. एकाच कल्पनेतील पुरुषाला दुरुस्ती आणि स्त्रीला शृंगार मिळाला.

रोलां बार्थ यांनी ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मधील खेळण्यांवरील निबंधात आधुनिक खेळणे मुलाला निर्माता न करता केवळ वापरणारा करते, असा आक्षेप घेतला होता. ब्यूटी सलून पाहता तो आक्षेप रास्त वाटतो. परंतु यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, उत्पादकाने जे योजले तेच मुलाने केले. जेमीला सलूनमध्ये बसविणारी मुलगी आणि तिला भावाच्या दुरुस्ती-केंद्रात नेणारी मुलगी यांच्यातील फरक खेळण्याच्या रचनेतून कळत नाही. तो कळला तर वापराच्या खुणांतूनच कळेल. लेखातील मुख्य प्रश्न येथूनच उद्भवतो.

ज्यूलिया : एका चेहऱ्याचे मोल

या प्रश्नाचे गांभीर्य ज्या बाहुलीत सर्वाधिक जाणवते, ती म्हणजे मॅटेलने १९६९ मध्ये काढलेली ज्यूलिया. एनबीसी वाहिनीवर १९६८ ते १९७१ या काळात चाललेल्या ‘ज्यूलिया’ या मालिकेत डायान कॅरोल हिने ज्यूलिया बेकर या परिचारिकेची भूमिका केली होती. पती व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, पदरी लहान मुलगा, शहरात स्वतंत्र घर आणि नोकरी, असे हे पात्र होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘ब्यूला’ या मालिकेतही मध्यवर्ती भूमिका कृष्णवर्णीय स्त्रीचीच होती. पण ती गोऱ्या कुटुंबातील मोलकरीण होती. ज्यूलिया कोणाची मोलकरीण नव्हती, हे तिचे वेगळेपण. तिच्यावर टीकाही झाली. शहरे पेटलेली असताना मालिकेत वर्णद्वेषाचे चटके पुरेसे का जाणवत नाहीत आणि कृष्णवर्णीय घरातील पिता अनुपस्थितच का, हे प्रश्न त्याच काळात विचारले गेले व ते योग्यच होते.

बाहुलीच्या इतिहासात ज्यूलियाचे स्थान समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, केवळ रंगाने भिन्न असलेल्या बाहुल्या मुलांपुढे ठेवल्या होत्या. अनेक कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्याच्या निकालात या संशोधनाची दखल घेतली गेली. पुढे १९६७ मध्ये मॅटेलने जी ‘कलर्ड फ्रान्सी’ काढली, ती गोऱ्या फ्रान्सीच्याच साच्यातून, रंग बदलून काढलेली होती. प्रयोगासाठी योजलेली युक्ती बाजाराने धोरण म्हणून स्वीकारली, असे म्हणावे लागते. १९६८ मध्ये बार्बीची मैत्रीण म्हणून ख्रिस्टी आली. बार्बी याच नावाने कृष्णवर्णीय बाहुली येण्यास १९८० साल उजाडले. म्हणजे ‘बार्बी’ हे नाव कृष्णवर्णीय बाहुलीला मिळण्याच्या ११ वर्षे आधी, एका प्रत्यक्ष कृष्णवर्णीय स्त्रीचा नामांकित चेहरा मॅटेलच्या खोक्यात होता. तिच्या अंगावर परिचारिकेचा पांढरा गणवेश होता. ॲन ड्यूसिल यांनी १९९४ मधील निबंधात बहुसांस्कृतिक बार्बीवर घेतलेला आक्षेप असा की, तेथे भिन्नता ही रंगद्रव्य व वेशभूषेपुरती उरते. ज्यूलियाचे शरीरही बार्बी-कुलातीलच आहे. पण ती रंग बदललेली कोणी दुसरी नाही. तिला नोकरी आहे आणि देशातल्या घराघरांत दर आठवड्याला दिसणारा चेहरा आहे. हा फरक लहान नाही.

दोषांची यादी

आता संग्राहकाचे निकष तपासता येतील. सर्वोच्च श्रेणी ‘एनआरएफबी’ या संक्षेपाने ओळखली जाते. तिचा अर्थ, खोक्यातून कधीही बाहेर न काढलेली बाहुली. त्याखालोखाल खोक्यासह पण उघडलेली, मग खोक्याविना पण निर्दोष, आणि शेवटी ‘खेळलेली’. किमतीची उतरंडही याच क्रमाने लागते. १९९५ मध्ये ईबे हा ऑनलाइन लिलाव सुरू झाल्यावर स्थानिक बाजारात दुर्मीळ वाटणाऱ्या अनेक बाहुल्या विपुल असल्याचे उघड झाले. साहजिकच दुर्मिळतेचा भार बाहुलीवरून तिच्या स्थितीवर सरकला. बाहुली अनेकांकडे असते, न उघडलेले खोके थोड्यांकडे.

या निकषांमागील ज्ञान वरवरचे नाही. ज्यूलियाच्या अंगावर १९६६ हे वर्ष कोरलेले असते. पण ते तिच्या निर्मितीचे वर्ष नव्हे, शरीराच्या साच्यावरील हक्काचे आहे, हे नवख्याला संग्राहकच समजावून सांगतो. मेगोच्या आठ इंची पुरुष-प्रतिकृतींचे धड सामायिक असते आणि डोके व पोशाख तेवढे बदलतात. म्हणून एका पात्राचा पोशाख दुसऱ्याच्या अंगावर गेला की ओळख कशी फसते, हेही त्याला ठाऊक असते. व्हायनिलमधील मऊपणा देणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येऊन चिकटपणा कसा निर्माण होतो, ऑस्टिनच्या हातावरील त्वचा कशी कडक होऊन फाटते, याच्या सूक्ष्म नोंदी या मंडळींनी ठेवल्या आहेत. विद्यापीठांनी या वस्तूंकडे पाहिले नाही तेव्हा त्यांनी पाहिले. हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढील टीका करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

टीका अशी की, दोषांच्या यादीत दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. ज्यूलियाचे काळे केस अनेक नमुन्यांत कालांतराने तांबूस होतात. हा रसायनाचा परिणाम होय. बोलणाऱ्या ज्यूलियाच्या पाठीवरील दोरी ओढली तरी आता बहुधा आवाज निघत नाही. आतील यंत्रणा जुनी झाली आहे. हाही पदार्थाचाच ऱ्हास. परंतु कात्रीने कापलेले केस, ओठांवर पेनाने चढविलेला रंग, कोणीतरी हाताने शिवलेला झगा, दुसऱ्या बाहुलीचा बूट, ही पदार्थाची कहाणी नव्हे. ही माणसाची कहाणी आहे. मूल्यपत्रिकेत मात्र केस तांबूस होणे आणि केस कापले जाणे हे दोन्ही ‘दोष’ या एकाच रकान्यात येतात.

‘फॅमिली अफेअर’ या १९६६ ते १९७१ दरम्यानच्या मालिकेतील मिसेस बीझली हे उदाहरणही येथे उद्बोधक ठरते. मालिकेतील बफी ही लहान मुलगी जी बाहुली सदैव कवटाळून असे, तीच मॅटेलने १९६७ मध्ये विकावयास काढली. आज सापडणाऱ्या पुष्कळ बीझलींचा मूळ चष्मा हरवलेला असतो आणि चष्म्यासह असलेली बाहुली अधिक मोलाची ठरते. वास्तविक पडद्यावर बफी जे करीत होती तेच घरोघरीच्या मुलींनी केले. बाहुली सोबत वागविली, म्हणूनच चष्मा हरवला. ज्या बाहुलीने आपले काम चोख बजावले, तिलाच उणी ठरविणारा हा हिशेब आहे.

खेळाचा पुरावा

सुसान स्ट्युअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (१९८४) मध्ये स्मरणवस्तू आणि संग्रह यांत भेद केला आहे. स्मरणवस्तू भूतकाळाकडे बोट दाखविते. संग्रहात इतिहासाची जागा वर्गीकरण घेते. बाहुल्यांच्या संग्रहाला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. कपाटातील ज्यूलिया ही १९६९ मधील एखाद्या घराची आठवण राहत नाही. ती मालिकेतील एक क्रमांक होते. वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मधील ग्रंथसंग्रहावरील निबंधात मात्र संग्राहकाची वेगळी बाजू दाखविली होती. त्यांच्या लेखी वस्तूचा पूर्वेतिहास, तिचे आधीचे मालक, ती हाती आली तो प्रसंग, हे सारे वस्तूच्याच अंगाचे असते. बाहुल्यांच्या बाजाराने बेन्यामिनचा हा संग्राहक बाजूला सारला आहे, कारण न उघडलेल्या खोक्याला पूर्वेतिहासच नसतो. त्यात कंपनीचा हेतू तेवढा सुरक्षित राहतो.

स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांना वापराच्या खुणा किती बोलक्या असतात याची जाणीव आहे. मिरियम फॉर्मन-ब्रुनेल यांनी ‘मेड टू प्ले हाउस’ (१९९३) या ग्रंथात, बाहुल्यांतून जे शिकविले जावे अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती त्याहून मुलींचे खेळ किती निराळे असत, हे दाखविले. एरिका रँड यांनी ‘बार्बीज क्वीअर ॲक्सेसरीज’ (१९९५) मध्ये प्रौढांच्या आठवणींतून बार्बीच्या अनपेक्षित उपयोगांचा शोध घेतला. या दोन्ही अभ्यासांचा आशय एकच आहे : खेळण्याचा अर्थ कारखान्यात पूर्ण होत नाही. ज्यूलियाच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. मालिकेवर टीका करणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत. निर्मात्यांची उत्तरेही आहेत. पण आठ-दहा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने या परिचारिकेचे काय केले, तिला नोकरीवर पाठविले की लग्नाला उभे केले, अनुपस्थित पित्याच्या जागी कोणाला आणून बसविले, याची नोंद कोणत्याही वर्तमानपत्रात नाही. ती असलीच तर बाहुलीच्या अंगावर आणि तिच्या मालकिणीच्या आठवणीत आहे. मळलेला गणवेश उतरवून बाजारातील स्वच्छ गणवेश चढविला जातो, कापलेले केस उपटून नवे रोवले जातात, तेव्हा हा पुरावा नष्ट होतो. आणि या कृतीला ‘पुनरुज्जीवन’ म्हटले जाते.

एक आक्षेप आणि त्याची मर्यादा

यावर संग्राहकांच्या बाजूने एक सबळ आक्षेप घेता येतो. न उघडलेले नमुने नसते, तर मूळ पोशाख कोणता, सोबतचे साहित्य कोणते, हे कळलेच नसते. आठ बाहुल्यांतील भेद ओळखावयाचा तर निर्दोष नमुना हाताशी हवाच. ही गोष्ट मान्य करावीच लागते. खेळलेल्या बाहुलीत काय बदलले हे ठरविण्यासाठीही न बदललेली बाहुली लागते. परंतु या युक्तिवादातून निर्दोष नमुन्याचे मोल संदर्भ म्हणून सिद्ध होते, आदर्श म्हणून नव्हे. शब्दकोश आवश्यक असतो म्हणून भाषा शब्दकोशात नांदते असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न केवळ हौशी मंडळींच्या आवडीचा असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. खासगी संग्रह उद्या सार्वजनिक होतात. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ हे खेळाविषयीचे संग्रहालय मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या १९६९ मध्ये निधन पावलेल्या संग्राहक स्त्रीच्या हजारो बाहुल्यांच्या संग्रहातून उभे राहिले. आज एका कपाटात काय ठेवले जाते आणि काय टाकून दिले जाते, यावर उद्याच्या अभ्यासकाला कोणता इतिहास लिहिता येईल हे अवलंबून आहे. मेगो कंपनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दिवाळखोरीत निघाली आणि तिचे नाव २०१८ मध्ये नव्या उत्पादनांसह बाजारात परतले. जुन्या धर्तीच्या नव्या प्रतिकृती आता पुन्हा घडविता येतात. एखाद्या मुलीने पन्नास वर्षांपूर्वी केलेला खेळ मात्र पुन्हा घडविता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. दूरचित्रवाणी-पात्राची बाहुली ही पात्र आणि अभिनेत्री या दोन स्वतंत्र हक्कांच्या संधीवर उभी असते. ‘चार्लीज एंजल्स’च्या आठ बाहुल्या हा संधी दृश्य करतात, म्हणून अशा संग्रहाची मांडणी कंपनीनिहाय न करता चेहऱ्यानुसारही करणे उपयुक्त ठरेल.

२. खेळण्याच्या रचनेतून उत्पादकाचा हेतू कळतो. त्या हेतूचे पुढे काय झाले हे वापराच्या खुणांतूनच कळते.

३. पदार्थाचा ऱ्हास आणि वापराची खूण यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत व्हावयास हवी. पहिला जतनाचा प्रश्न आहे, दुसरी अभ्यासाचे साधन आहे.

४. बाहुली विकत घेताना तिच्या मूळ मालकिणीच्या आठवणी विचारून लिहून ठेवणे हे संग्राहकाला सहज शक्य आहे. ज्यूलियाशी खेळलेल्या मुली आज साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

न उघडलेल्या खोक्यातील ज्यूलियाचा गणवेश आजही पांढराशुभ्र असेल. तिने मात्र एकाही रुग्णाची शुश्रूषा केलेली नाही.